पॅट्रिक गेडिस आणि आमच्या गल्लीतला आड

आमच्या घराण्यात अर्ज लिहिता येणारा मी पहिलाच. वडील ऊसतोडीला जात. मी दहावीत असताना तेलगावच्या आमच्या गल्लीतला जुना आड बुजवावा, डास फार होतात, असा अर्ज मीच लिहिला. मोठ्यांनी सह्या व अंगठे केले. आड बुजला, काठावरचा लिंब तुटला, वर सिमेंटचा ओटा झाला. आता मे महिन्यात तो ओटा रात्री उशिरापर्यंत तव्यासारखा तापलेला असतो. यंदा समाजशास्त्राच्या तासाला पॅट्रिक गेडिस यांचे नाव ऐकले, त्यांच्याविषयी वाचले, आणि मला माझा अर्ज आठवला.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम सुटले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या भागात ते पत्नी ॲना यांच्यासह राहायला गेले. तेथे त्यांनी पडकी घरे दुरुस्त केली, रिकाम्या जागी बागा फुलवल्या.

१९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानाकडे निघाले. सामानाचे जहाज जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभे केले. मग पायी हिंडून अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१७ साली थोरला मुलगा महायुद्धात पडला. त्याच वर्षी पत्नीही येथेच वारल्या. एवढ्या दुःखातही त्यांनी हातचे काम सोडले नाही. होळकरांच्या इंदुरात प्लेगची भीती होती. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतूनच जाईल, असे त्यांनी जाहीर केले आणि लोकांनी आपण होऊन शहर झाडले.

दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. रुंद रस्त्यावर ऊन आणि धूळ, तर बोळात सावली. हिवतापाच्या भीतीने तळी बुजवू नयेत, असे ते सांगत. पाण्याने हवा गार राहते, डासांच्या अळ्या खायला मासे आणि बदके सोडावीत, हा त्यांचा साधा उपाय. कारणही सरळ आहे. झाडाची पाने आणि उघडे पाणी वाफ सोडताना भोवतालची उष्णता घेतात. सिमेंट मात्र दिवसाचे ऊन साठवते आणि रात्री परत करते.

१९१९ ते १९२४ या काळात गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे तोच विभाग डॉ. गो. स. घुर्ये यांनी नावारूपाला आणला. १९३२ साली फ्रान्समध्ये गेडिस निवर्तले.

मासे सोडण्याचा विचार आमच्या गल्लीत कुणाला सुचला नाही, मलाही नाही. आड आता परत येणार नाही. पण ओट्याच्या कडेला लिंबाची दोन रोपे लावू द्यावीत, असा दुसरा अर्ज मी लिहिला आहे. पहिला अंगठा वडिलांनीच दिला.