पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

सह्याद्रीच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यात वसलेले साजगाव असो, की समुद्रकाठी अलिबागजवळ असलेले किहीम असो. पावसाळ्यात भातखाचरे हिरवीगार झाली, की रायगड जिल्ह्यात सुगरण पक्ष्यांची लगबग सुरू होते. ताडामाडांच्या झावळ्यांना आणि बाभळीच्या फांद्यांना त्यांची घरटी लोंबू लागतात. ही सुबक घरटी विणतो कोण? पक्ष्याचे नावच सुगरण. तेव्हा हे काम मादीचे असणार, असे कोणासही वाटेल. खरा प्रकार मात्र निराळा आहे. तो किहीम येथे चिकाटीने बसून ज्यांनी उलगडला, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. पोरक्या झालेल्या या मुलाचा सांभाळ मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. मामांना शिकारीचा नाद होता. त्यामुळे छर्‍याची बंदूक सलीमच्या हाती लहानपणीच आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा खेळ होऊन बसला. पुढे पक्ष्यांचे रक्षणकर्ते म्हणून कीर्ती पावलेल्या पुरुषाच्या चरित्राचा आरंभ असा व्हावा, हे विचित्र खरे. पण त्यांनी स्वतः ते कधी लपविले नाही.

एके दिवशी त्याने पाडलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली होती. तिचे चिटणीस मिलार्डसाहेब यांच्यापुढे तो मुलगा कागदात गुंडाळलेली चिमणी घेऊन बिचकतच उभा राहिला. साहेबांनी ती तत्काळ ओळखली. इतकेच नव्हे, तर कपाटांतील खणामागून खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्याला दाखविले, पुस्तके वाचावयास दिली. त्या दिवसापासून सलीमला पक्ष्यांचा जो छंद जडला, तो जन्मभर सुटला नाही.

शाळेत मात्र सलीमची गती बेताचीच. १९१३ मध्ये तो कसाबसा मॅट्रिक झाला. नंतर काही वर्षे ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात गेली. पण तेथील अरण्यात त्याचे लक्ष धंद्यापेक्षा पक्ष्यांकडेच अधिक असे. मुंबईस परतल्यावर प्राणिशास्त्राचा अभ्यास झाला. परंतु विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तेथून रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

चौतिशी गाठत आलेली, पदरी संसार आणि नोकरी नाही. अशा वेळी सलीम अली व त्यांच्या पत्नी तहमीना बेगम किहीमच्या घरी राहावयास गेले. तो भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अली आडोशाला बसून एकेका घरट्याची नोंद ठेवू लागले. गवताच्या व पातीच्या लांब धांदोट्या फाडून आणणारा, त्या विणणारा असतो तो पिवळ्या डोक्याचा नर. घरटे शिरस्त्राणासारखे अर्धवट झाले, की मादी येते, आत शिरते, पारख करते. पसंत पडले नाही तर खुशाल निघून जाते. पसंत पडले तर तेथे राहते. मग नर उरलेले काम पुरे करतो. मादी अंडी उबविण्यात गुंतली, की हा पठ्ठ्या दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसर्‍या मादीला बोलावू लागतो. बेकारीच्या त्या दिवसांत केलेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव जाणत्या लोकांत पसरले.

पुढे त्यांनी संस्थानांपुढे एक योजना मांडली: प्रवासखर्च तुम्ही द्या, पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो. त्यानुसार हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील रानेवने त्यांनी पालथी घातली. तंबूतले खडतर जीवन तहमीना बेगम यांनी आनंदाने पत्करले. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. हा घाव सलीम अलींच्या फार जिव्हारी लागला.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवरचे ग्रंथ जाडजूड व पंडितांसाठी होते. या पुस्तकाने सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येऊ लागले. नवा पक्षी दिसला, की त्याचा आकार चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, हे आधी ठरवावयाचे; मग रंग, शेपटी, चोच न्याहाळावयाची; आणि तो शेतात, पाण्याकाठी की दाट रानात आढळला, हेही ध्यानात घ्यावयाचे. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

१९८५ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याला नाव दिले होते ते एका चिमणीच्या पडण्याचे. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.