वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळली. भयभीत लोक शहर सोडून गावोगाव पळू लागले. तेव्हा सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेल्या या संशोधकाने पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत पटकीची लस सिद्ध केली होती.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले व उष्णतेने मारले. मेलेला शत्रू टोचून काय लाभ, असे कोणासही वाटेल. परंतु परंड्याच्या किल्ल्यावरील पहारेकऱ्याने शत्रूचा वेष ओळखून ठेवावा, तसे शरीर त्या मृत जंतूंची ओळख ठेवते, प्रतिपिंडे निर्माण करते आणि खरा शत्रू येताच त्वरेने त्याच्यावर तुटून पडते. यकृताला ग्रासणाऱ्या ‘ब’ काविळीची आजची लसही याच तत्त्वावर आहे. तीत विषाणूच्या आवरणाचा केवळ अंश असतो.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला; पुढे मात्र काही अपाय झाला नाही. मग सहस्रावधी लोकांनी ती घेतली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांचे पद गेले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती आणि धनुर्वाताचे जंतू ती गावात उघडताना तीत शिरले होते, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. हाफकिन पुन्हा भारतात आले, ते कलकत्त्यास. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.