प्रा. डोनाल्ड पेडरसन : विद्या वाटणारा माणूस

वाचकहो, तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी लोहाऱ्याहून सोलापूरला, लातूरला अगर पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेली असेल, तर तिच्या प्रयोगवहीत 'स्पाइस' हा शब्द तुम्हाला आढळेल. मसाल्याशी त्याचा काही संबंध नाही. विजेचे मंडल प्रत्यक्ष जोडण्याआधी ते चालेल की नाही, हे गणिताने सांगणारा तो संगणकाचा प्रोग्रॅम आहे. तो ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि ज्यांच्या आग्रहामुळे साऱ्या जगाला मोकळा झाला, त्या प्रा. डोनाल्ड पेडरसन यांची ही हकिकत आहे. विद्यार्थ्यांनी ती वाचावीच, पण पालकांनीही वाचावी.

पेडरसन यांचा जन्म 1925 साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हॅलॉक या छोट्या गावी झाला. कॉलेजात पाऊल टाकले न टाकले तोच दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले. युद्ध संपल्यावर त्यांनी नॉर्थ डाकोटाच्या शेतकी कॉलेजातून 1948 मध्ये पदवी घेतली. शेतकी कॉलेज, हे लक्षात घ्या! नामांकित संस्थेतच प्रवेश मिळाला पाहिजे म्हणून झुरणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. पुढे 1951 मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट, मग बेल प्रयोगशाळेत काही काळ नोकरी, आणि 1955 पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे अध्यापन.

1958-59 च्या सुमारास सिलिकॉनच्या एका कणावर सबंध मंडल कोरण्याची युक्ती निघाली. हीच आजची 'चिप'. विद्यार्थ्यांना ही विद्या हाताने करून शिकवावी, असे पेडरसन यांच्या मनाने घेतले. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. एवढा खर्च आणि एवढे किचकट काम कारखान्यालाच झेपते, विद्यापीठाचे ते काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तरीही 1960 च्या दशकाच्या आरंभी बर्कलीत चिप बनविणारी प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यापीठातील ती पहिलीच मानली जाते.

पण चिपची एक अडचण आहे. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर एक भाग काढून दुसरा बसवतो. चिपमध्ये तसे करता येत नाही. एकदा कोरली की कोरली. चूक निघाली तर सारा खर्च पाण्यात. शिंपी महाग कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेत काढतो, तसा बेत इथेही हवा होता.

1969-70 च्या सुमारास बर्कलीत प्रा. रॉन रोरर यांनी आपल्या वर्गाला असाच प्रोग्रॅम लिहायला लावला. परीक्षक कोण, तर पेडरसन. त्यांच्या पसंतीस उतरला तर सारा वर्ग पास, नाही तर सारा वर्ग नापास! त्या वर्गात लॉरेन्स नेगल नावाचा विद्यार्थी होता. पुढे रोरर विद्यापीठ सोडून गेले आणि नेगल पेडरसन यांच्याकडे आला. पेडरसन यांनी आग्रह धरला, की जुन्या प्रोग्रॅमवर मालकीची बंधने आहेत. तो पुन्हा लिही आणि सर्वांसाठी खुला कर. नेगलने तो लिहिला. 1973 मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत 'स्पाइस' जगापुढे आला आणि 1975 मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली.

लिहिण्याचे श्रम नेगलचे, हे मान्यच केले पाहिजे. पण माझ्या मते खरा मोठेपणा वाटण्यात होता. तो काळ छिद्रे पाडलेल्या कार्डांचा आणि चुंबकीय फितींचा. ज्याला प्रोग्रॅम हवा असेल त्याने बर्कलीकडून फीत न्यावी, खर्च नाममात्र. पेडरसन यांची अपेक्षा एवढीच, की तुम्ही त्यात सुधारणा केलीत तर ती आम्हालाही परत द्यावी. त्या सुधारणांतून प्रोग्रॅम वाढत गेला. कंपन्यांनी त्यावरून आपापल्या महागड्या आवृत्त्या काढल्या, आणि शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी ही विद्या घेऊन कारखान्यांत गेले. विकला असता तर विद्यापीठाला पैसा मिळाला असता, हे कोणीही सांगेल. मात्र मग तो गरीब कॉलेजापर्यंत पोहोचला असता का, हा हिशेब तुम्हीच करा.

1991 मध्ये ते निवृत्त झाले. 1998 मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना आपले सर्वोच्च सन्मानपदक दिले. 25 डिसेंबर 2004 रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, आता तुमच्या उपयोगाचे. चिपच्या आराखड्यासाठी कंपन्या विकतात ते प्रोग्रॅम आपल्यासारख्यांच्या ऐपतीबाहेरचे आहेत. म्हणून कित्येक मुले चोरीच्या प्रती वापरतात. त्याची गरज नाही. 'स्पाइस'चा वंशज 'एनजीस्पाइस' आज विनामूल्य मिळतो. त्याच्याच आधारे मुंबईच्या आय.आय.टी.तील 'फॉसी' प्रकल्पाने 'ईसिम' नावाचे साधन तयार केले असून तेही विनामूल्य आहे. ते चालवायला साधा संगणक पुरतो. मुलाने किंवा मुलीने मागितले तर पैशाची चिंता करू नका. इंटरनेटची जोडणी तेवढी करून द्या, आणि रात्री दोन तास संगणक तिच्याच हाती राहील असे पाहा.