वीर नाईक यशवंत घाडगे

रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव हे नाव आमच्या ज्ञातिबांधवांपैकी कितीजणांच्या कानी आले असेल, याविषयी आम्हांस शंका वाटते. याच गावी दि. १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. त्या काळी जिल्ह्यास कुलाबा म्हणत. पावसावर विसंबलेल्या त्या खेड्यांतील तरुण पोटासाठी एक तर मुंबईच्या गिरणीत जात, नाही तर पलटणीत. यशवंतराव पलटणीत गेले व पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाले.

दि. ४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले आणि जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे हटू लागले. दि. १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्यावाचून तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. तेव्हा ते एकटेच मोर्च्यावर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालविणारा, दोन्ही निकामी केली. दुसऱ्यास टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरण्यास उसंत नव्हती. मग बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस त्यांनी तिच्या दस्त्याने ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांस लागल्या व जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे बावीस.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, परंतु देह सापडला नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांस थडगे लाभले नाही अशा चार हजारांवर सैनिकांत त्यांचे नाव कोरलेले आहे.

आम्ही शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकविला. पानिपतावर पाने भरत, टायबरकाठी मेलेल्या या कोकणच्या पोरावर एक ओळही नसे. कारण उघड आहे. १९४२ च्या चळवळीत देशबांधव तुरुंगांत असता हे परक्याच्या निशाणाखाली लढले, हा सल स्वातंत्र्यानंतरही गेला नाही. आम्हांस हा न्याय अपुरा वाटतो. निशाण निवडण्याची मुभा त्या खेड्यास कोणी दिली होती?

इटलीने मात्र आठवण ठेविली. २०२३ च्या जुलैत मोंतोने या गावी यशवंतरावांच्या नावे सूर्यघटिकेचे स्मारक उभारले गेले; मृत्यूस तेव्हा ७९ वर्षे झाली होती. इकडे माणगावी त्यांचा पुतळा आहे. कोकणात उतरणाऱ्या सभासद कुटुंबांनी मुलांसह तेथे घटकाभर थांबावे, अशी आमची विनंती आहे.