करजगावची सून

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे आपल्या अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझी शाळा सातवीला सुटली. चूल, मुले, सणवार, यात लिहिणे कुठले? पण ज्या बाईंविषयी लिहावे असे मनात होते त्यांना तर शाळा कशी ती ठाऊकच नव्हती. हे आठवले आणि धीर आला. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या.

त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक हे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांचा जन्म १८६१ साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. म्हणजे लक्ष्मीबाई आपल्या जिल्ह्याच्या सून. सुनेविषयी शेजारणींनी चार शब्द बोलायचे, ही तर आपली जुनीच रीत!

त्या जन्मल्या १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरास, गोखल्यांच्या घरी. माहेरी सोवळ्याचा कहर होता. १८५७ च्या धामधुमीत नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांना फाशी झाले. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची धास्ती बसली ती कायमची. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. अशा घरातली मुलगी १८८० मध्ये टिळकांच्या घरात आली. टिळक बुद्धीने तेज, स्वभावाने तापट, हातात पैसा न टिकणारे आणि मनात येईल तेव्हा घर सोडून निघून जाणारे. संसार कसा झाला असेल तो ज्या बायकांनी केला आहे त्यांना सांगायला नको.

१८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरचे प्रवचन वाचून ते भारावले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. माणसाने कितीही पुण्य जोडले तरी त्याच्या जोरावर तो पापातून सुटत नाही. देव आपल्या दयेने क्षमा करतो, आणि ती क्षमा पदरात पडली की माणसाचा जणू दुसरा जन्म होतो, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. तिला ते कृपा म्हणतात. टिळकांना हे परके वाटले नाही. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोचलो असे ते म्हणत.

पण घरी काय झाले? लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पदरी लहानगा दत्तू. नातलगांनी त्यांना पंढरपुरास नेले, आणि जवळजवळ पाच वर्षे नवराबायकोची ताटातूट झाली. यजमानांचे खरे होते की लक्ष्मीबाईंचे, याचा निवाडा करणारी मी कोण? पण त्या पाच वर्षांचे वर्णन वाचताना माझा जीव बाईंसाठीच तुटतो. नव्या जन्माचा आनंद एकाला, आणि त्याची किंमत दुसरीने भरायची!

पुढे त्या मुलाला घेऊन नगरास यजमानांकडे आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. आणि मग विचार करता करता बाईंच्याच मनाने कौल दिला, की हा जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे प्यायचे, असे त्यांनी ठरवले. मला वाटते त्यांचा नवा जन्म खरा तेव्हा झाला. बाप्तिस्मा त्यांनी पुढे १९०० साली राहुरीस घेतला. जन्मभर पुण्य समजून जे डोक्यावर वाहिले तेच ओझे होते, हे कळायला केवढे बळ लागत असेल!

त्यानंतर त्यांच्या घरात कोण आले आणि कोण जेवले याला हिशेब नाही. पोरकी मुले आली, कवी आले. बालकवी तर घरच्या मुलासारखे राहिले. यजमान साधू झाले, आपण देवी झालो, असा आव मात्र बाईंनी कुठे आणलेला नाही. टिळकांचा विक्षिप्तपणा आणि स्वतःची फजिती दोन्ही त्या हसत सांगतात. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ या शाळा न शिकलेल्या बाईंनी पुरे केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी डोळे मिटले. ‘स्मृतिचित्रे’ पुढे इंग्रजीतही गेले.

आता माझी एक गोष्ट सांगते, लाज वाटते तरी. आमच्या मागल्या पडवीच्या खिडकीत कान तुटलेला एक कप असे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा तो कप. सासूबाईंनी ठेवला होता आणि मी तो तसाच चालवला, कितीतरी वर्षे. चहा मी वरून ओतायची, कप त्या स्वतः धुवायच्या. यात काही वाईट आहे असे कधी मनात आले नाही. वाचनालयातून हे पुस्तक आणले, सोवळ्याचा भाग वाचून पोटभर हसले, आणि दुपारी चहा ओतायला गेले तो हात थांबला. त्या दिवशी मी आमच्यातल्या कपात चहा दिला. त्या बाई घ्यायलाच तयार होईनात. खिडकीत आपला कप शोधू लागल्या. तो कप मी टाकून दिला म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि खाली बसून सावकाश चहा प्यायल्या. बोलल्या काही नाहीत. मीही क्षमा मागायची ती मागितली नाही, शब्दच फुटेना. सासूबाईंनी चार दिवस माझ्या हातचा चहा सोडला. पाचव्या दिवशी त्यांनीच मागितला.

मग मी ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत विकतच घेतली. कोणाला हवी असल्यास घरी येऊन घेऊन जावी. गणपतीपूर्वी तेवढी परत करावी, कारण रांगेत आणखी दोघी आहेत.