पुनरुत्थानाचे साक्षीदार संत पौल

जुन्या गोव्यात एक एकाकी कमान उभी आहे. सोळाव्या शतकातील विख्यात सेंट पॉल महाविद्यालयाची एवढीच खूण आज शिल्लक आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली याच महाविद्यालयात सुरू झाला. ज्यांचे नाव या विद्यालयाला देण्यात आले, त्या संत पौल यांचे कार्यही लिखित शब्दाच्या बळावरच टिकले. दूरदूरच्या मंडळ्यांना त्यांनी धाडलेली पत्रे नव्या करारातील सर्वांत प्राचीन लेखनात गणली जातात.

पौल यांचा जन्म आजच्या तुर्कस्तानातील तार्सस नगरात एका यहुदी कुटुंबात झाला. शौल हे त्यांचे यहुदी नाव. यरुशलेमात गमलिएल या थोर गुरूंपाशी त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि परुशी पंथाची कडक शिस्त अंगीकारली. क्रुसावर मरण पावलेला येशू पुन्हा उठला, असे सांगणारे लोक त्यांना धर्मद्रोही वाटत. स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे याच तरुणाच्या पायांशी ठेवली होती.

अशाच लोकांना बांधून आणण्याचे अधिकारपत्र घेऊन ते दमिष्काला निघाले. वाटेत प्रखर प्रकाशाने ते भूमीवर कोसळले. ज्याला आपण मृत समजत होतो तो येशूच आपल्याशी बोलत आहे, अशी त्यांची खात्री पटली. तीन दिवस त्यांची दृष्टी गेली. ज्यांचा छळ करण्यास ते आले होते त्यांच्यातल्याच हनन्या याने त्यांना भाऊ म्हणून जवळ केले. पुढे गलतीकरांस लिहिताना पौल यांनी हे दर्शन आणि परराष्ट्रीयांकडे जाण्याची आज्ञा यांचा उल्लेख एका दमात केला आहे. उठलेल्या ख्रिस्ताला पाहणे म्हणजेच पाठविले जाणे, असा त्यांचा अनुभव होता.

त्यानंतरची सुमारे तीस वर्षे प्रवासात गेली. हाती कोणतीही सत्ता नव्हती. तंबू बनवून ते पोट भरीत. पाच वेळा ३९ फटके, तीन वेळा छड्यांचा मार आणि तीन वेळा जहाज फुटणे, असा हिशेब त्यांनी स्वतःच नोंदविला आहे. अथेन्सच्या अरियपगावर पुनरुत्थानाचा विषय निघताच काही श्रोत्यांनी थट्टा केली. आत्म्याचे अमरत्व ग्रीकांच्या परिचयाचे होते. देहाचे उठणे त्यांना विचित्र वाटले.

करिंथ येथील मंडळीतही हीच शंका डोकावली. तेव्हा इ.स. ५४च्या सुमारास पौल यांनी इफिसहून त्यांना सविस्तर पत्र लिहिले. उठलेल्या येशूला पाहणाऱ्यांची यादी त्यांनी दिली आणि तीत स्वतःचे नाव सर्वांत शेवटी घातले. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांचा दृष्टान्त देऊन हाच देह रूपांतरित होतो, असे त्यांनी समजाविले. आपल्याकडच्या पुनर्जन्माच्या कल्पनेहून ही शिकवण निराळी आहे; तीत आत्मा दुसरा देह घेऊन या जगात परतत नाही. मृत्यू कायमचा पराभूत होतो, ही तिची आशा आहे.

या उंचीवरून पौल लगेच व्यवहारावर येतात. केलेले श्रम वाया जात नाहीत, असे सांगून पुढच्याच ओळींत ते यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी बाजूला काढण्याची सूचना करतात. देह उठणार असेल, तर उपाशी देहाकडे पाठ फिरविता येत नाही. परराष्ट्रीय मंडळ्यांनी यहुदी बांधवांना हात द्यावा, यात त्यांना आपल्या कार्याची कसोटी दिसत होती.

धोका ठाऊक असूनही ते पैसे पोहोचविण्यास ते स्वतः यरुशलेमला गेले आणि तेथेच त्यांना अटक झाली. आपण मृतांच्या पुनरुत्थानाच्या आशेसाठी आरोपी ठरलो आहोत, असे त्यांनी न्यायसभेत सांगितले. कैसरियात दोन वर्षे बंदिवास भोगल्यावर त्यांनी कैसराकडे न्याय मागितला. रोममध्ये भाड्याच्या घरात, शिपायाच्या पहाऱ्यात, ते येईल त्याला उपदेश करीत राहिले. स्पेनला जाण्याचा त्यांचा मनोदय होता. प्रेषितांची कृत्ये हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूची कथा न सांगताच संपतो. परंपरेनुसार नीरोच्या काळात त्यांचा शिरच्छेद झाला.

तलवारीने त्यांचा प्रवास थांबविला, तरी पत्रांचा प्रवास थांबला नाही. पण त्या पत्रांचा अर्थ कळायचा, तर पुनरुत्थानाच्या अध्यायापाशी न थांबता गरिबांच्या वर्गणीचे पुढचे पानही वाचावे लागते.