समुद्राकडे पाहत बसलेला चित्रकार

मुंबईच्या वॉर्डन रोडवर, थेट समुद्राला लागून, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटची वास्तू उभी होती. हुसेन, तय्यब मेहता, रविशंकर, अल्काझी अशी माणसे एकाच छपराखाली काम करीत असत, असा तो काळ. तिथल्याच एका खोलीत वासुदेव गायतोंडे यांचा स्टुडिओ होता. हाती कुंचला न घेता हा माणूस तासन् तास समोरच्या पाण्याकडे पाहत बसे. काहीही न करता बसणे हा त्यांच्या चित्रकलेचाच भाग होता, हे कळायला अनेकांना पुढे पुष्कळ वर्षे लागली.

मूळच्या गोव्याच्या या घराण्यातल्या वासुदेवांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा, नागपूरचा. वाढले मात्र ते गिरगावच्या चाळीत. मुलाने चित्रकार व्हावे हे वडिलांना पसंत नव्हते आणि मध्यमवर्गीय घराच्या हिशेबात ते चुकीचेही नव्हते; चित्रे विकून संसार चालतो असे त्या काळी कोण म्हणाले असते? वासुदेवांनी मात्र १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली. १९५० मध्ये प्रोग्रेसिव्ह ग्रुपने त्यांना आपल्यात घेतले. मित्रमंडळींत ते 'गाय' या नावाने ओळखले जात, पण कळपात ते कधीच पुरते रमले नाहीत.

त्यांची सुरुवातीची कामे कागदावरची. बसोलीची लघुचित्रे आणि पॉल क्ली यांचा अभ्यास त्यांतल्या रंगांत आणि रेषांत उघड दिसतो. हळूहळू आकृती विरत गेल्या. १९५७ साली टोकियोतील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, तोवर दिशा ठरून गेली होती. पुढे कुंचला मागे पडून रोलर आणि पॅलेट नाइफ हाती आले. कागदाची तर त्यांच्याकडे भूमिकाच बदलली. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे तुकडे ते रंगात बुडवून कॅनव्हासवर ठेवीत, उचलीत. त्या ठशांतून पृष्ठभागावर पाण्याखालून वर येऊ पाहणारे काहीतरी उमटे. थरावर थर चढत, काही खरवडले जात. या सावकाशीमुळे वर्षाकाठी पाच-सहा चित्रेच पुरी होत.

त्या चित्रांत पाहणाऱ्याला क्षितिज दिसते, ओहोटीनंतरची ओल दिसते, धुके दिसते. गायतोंडे यांनी मात्र त्यांना ना समुद्र म्हटले, ना दुसरे कसले नाव दिले. 'अमूर्त' हा शब्ददेखील त्यांना मानवत नसे. झेन विचार, निसर्गदत्त महाराज, कृष्णमूर्ती यांच्या वाचन-श्रवणातून आलेले मौन त्यांना अधिक जवळचे होते. हा हट्ट काहींना अहंकार वाटला. तसा तो थोडा असेलही. पण त्याची किंमत त्यांनी स्वतःच मोजली. लग्न केले नाही, गोतावळा जवळ केला नाही.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये मुंबई सोडून त्यांनी दिल्लीत, निजामुद्दीनमध्ये, लहानशा जागेत बिऱ्हाड थाटले. समुद्र सुटला. चित्रांतले पाणी मात्र आटले नाही, आणि हे त्यांच्या टीकाकारांनीही ध्यानात घ्यायला हवे होते.

मोठा घाव बसला तो १९८४ साली. रस्त्यावरच्या अपघाताने शरीर असे काही जायबंदी झाले, की मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहून काम करणे अशक्य होऊन बसले. वर्षानुवर्षे ज्याने रोलर फिरवला, तो माणूस पुन्हा लहान कागदाकडे वळला. १९८५ ते १९८७ या काळात शाईने केलेली ती रेखाटने कुणा अनोळखी लिपीतल्या ओळींसारखी दिसतात. काही खुणा आणि भोवती भरपूर मोकळा पांढरा कागद. पुढे कॅनव्हासही परतला, पण काम विरळ होत गेले. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले तेव्हा चित्रवर्तुळाबाहेर त्याची फारशी वार्ताही पोचली नाही.

मराठीत 'चिन्ह'ने त्यांच्यावर अंक आणि ग्रंथ काढून ती उणीव बरीच भरून काढली. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. २०२५ मध्ये त्यांचे १९७० सालचे एक चित्र लिलावात ६७ कोटींहून अधिक किमतीला गेले. वॉर्डन रोडवरची ती वास्तू मात्र त्याआधीच कधीची पाडली गेली होती.